हात दाखवून

"कशाला हात दाखवून अवलक्षण,"
वैती वहिनी म्हणाल्या
मी गाडीवरची जुनी चादर काढत असताना.
मॉरिस मायनर, चौपन्न सालची.
माझ्याहून दोन वर्षांनी थोरली.

वाशीच्या आरटीओत नऊलाच रांग:
टेम्पो, शाळेच्या पिवळ्या बस, पाण्याचे टँकर,
मध्ये मी, काच हाताने खाली करून.
टँकरवाल्याने विचारलं, मावशी, शूटिंग आहे का?

निरीक्षक घोडविंदे, तिशीच्या आतबाहेर.
टॅबवर वर्ष टाकायला गेला,
यादी खाली खाली गेली आणि संपली.
"मॅडम, सिस्टीम घेत नाही."
घेत नाही कशी?
ही आली तेव्हा तुमची सिस्टीम सोडा,
तुमचं हे शहरसुद्धा कागदावर नव्हतं.
मिठागरं होती. खाडीवर पूल नव्हता.
वडील हिच्यातून साहेबाला दिघ्याहून मुंबईला न्यायचे,
ठाण्याचा वळसा घालून.
साहेब कंपनी विकून विलायतेला गेला
आणि तीन महिन्यांच्या थकल्या पगाराऐवजी
ही आमच्या दारात उभी राहिली.
आई आठवडाभर हिच्याशी बोलली नव्हती.

सीटबेल्ट?
नाहीत. अडकवायला भोकसुद्धा नाही.
हँडब्रेक?
चढावर उभी केली, ढिम्म हलली नाही.
धूर?
आकडा आला, तो घोडविंदेने दोनदा वाचला,
मग एकदा टँकरकडे पाहिलं.
इंडिकेटर?

मी खटका फिरवला.
दाराच्या खांबातून नारिंगी हात
टक्कन बाहेर आला, वीतभर, आत दिवा लागलेला,
उत्तर येणाऱ्या मुलीने वर्गात करावा तसा.
रांगेतल्या ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या.
घोडविंदे हसला, आणि हसल्याबद्दल
स्वतःवरच रागावल्यासारखा कागदात वाकला.

मग आवाज खाली आणून म्हणाला,
"ऐका मॅडम. पन्नाशी उलटलेल्या गाड्यांना
वेगळी नंबरप्लेट मिळते. विंटेज.
मान असतो तिला. भंगाराची भीती नाही.
फक्त रोज रस्त्यावर आणायची नाही.
रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती. बस्स."

बस्स.
हल्ली हा शब्द मला फार ऐकू येतो.
सून म्हणते, आई, तुम्ही नुसतं बसा.
बँकेत रांग माफ. भाजी निवडणं माफ.
गणपतीत पहिल्या खुर्चीवर बसवतात,
शाल देतात,
माइक देत नाहीत.

मी म्हटलं, घोडविंदे,
दर मंगळवारी ही मला दिवाळ्याच्या बंदरावर नेते.
डिकीत बोंबील आणि बर्फ,
परतताना मागच्या सीटवर दोन कोळणी, भांडत.
हे तुमच्या प्रदर्शनात बसतं?
नाही, म्हणाला.
मग परीक्षा घ्या.

घेतली.
आणि नापास केली, हॉर्नवर.
"आवाजच नाही, मॅडम. कुणाला ऐकू जाणार?"
यावर मला बोलता आलं नाही, कारण खरंच होतं ते.
पंधरा दिवसांनी पुन्हा या.
पावतीच्या तळाशी, जिथे रकाना नव्हता,
त्याने पेनाने लिहिलं: ब्रेक उत्तम.

निघाले तर डावा हात आत जाईना.
खांबावर मूठ मारली. एरवी ऐकतो.
पामबीचभर तो तसाच, बाहेर,
आणि मागून हॉर्न, मोठ्या आवाजाचे, पास झालेले,
वळायचं तर वळ ना!
मला कुठेच वळायचं नव्हतं.
करावे येईपर्यंत सरळच जायचं होतं.

गावाच्या तोंडाशी डावीकडे वळले.
तेवढ्या वळणापुरता तो खरं बोलत होता.

वैती वहिनी दारातच होत्या.
निकाल विचारला नाही.
बोनेटवर पंजा टेकवला, "तापलीय," म्हणाल्या,
आणि पाणी आणायला आत गेल्या.