चाळीसला की चाळीसनंतर

विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावर, दुसरा मजला.
पंखा एक, खुर्च्या तीन,
आणि माझं काम: बसल्या जागी कृष्णा चढवणं.

एकोणचाळीस टाकते. शांत.
एकोणचाळीस पूर्णांक नऊ. शांत.
एक्केचाळीस, आणि टेबलावरचे सतरा फोन एकदम थरथरतात,
भडंगाची पुडी सरकत सरकत कडेला येते.
ठीक.
मग टाकते चाळीस. नुसतं चाळीस.
काहीच होत नाही.

सुकुमार उपाध्ये म्हणतो, कागदावर तसंच आहे, वाच:
चाळीस फुटांच्या वर गेल्यास इशारा.
वर म्हणजे वर.
मी म्हणते, आणि पाणी रात्रभर चाळीसलाच थांबलं तर?
पाणी कशाला थांबेल, म्हणतो.
त्याचं घर मिरजेला, उंचावर.

मी सूर्यवंशी प्लॉटातली.
आमच्याकडे पाणी थांबतं.
पायरीशी येतं, चपला काढू की नको
अशा विचारातल्या पाहुण्यासारखं,
आणि आपण म्हणतो, उतरेल बहुतेक,
आणि शिलाई मशीन माळ्यावर चढवायचं राहून जातं.

दादा मार्केट यार्डात होते, एका अडतीत.
शाळूच्या पोत्यात परखी खुपसायचे, पण तोंडाशी कधीच नाही.
तोंडाशी सगळ्यांचाच माल मोत्यासारखा, म्हणायचे.
बुडाशी, शिवणीच्या कोपऱ्यात,
जिथं पोतं ओल्या फरशीला टेकलेलं असतं, तिथं.
एकदा जतच्या एका शेतकऱ्याला राग आला:
माझ्यावर भरवसा न्हाई व्हय?
तुझ्यावर आहे, दादा म्हणाले. पोत्यावर नाही.

म्हणून मी नदीची उंची वजा चार टाकते.
उंचीच्या जागी ‘लई’ असं लिहिते.
एकाच माणसाला दोनदा बुडवते,
त्याच्या फोनची रेंज काढून घेते,
जुन्या बटणांच्या फोनवर इशारा पाठवते
आणि बघते: ‘धोका’ या शब्दाचे
दोन रिकामे चौकोन झालेत.
हे सगळं लिहून ठेवते. कोण, कुठं, काय केल्यावर, काय व्हायला हवं होतं.
सुकुमार माझ्याशी दोन दिवस बोलत नाही.
तिसऱ्या दिवशी चहा आणतो, माझ्या कपात साखर नाही.

पालिकेचे हुक्केरीसाहेब म्हणाले, मॅडम, किती कीस काढाल?
मी विचारलं, साहेब, तुमच्या गल्लीत पाणी आलं तेव्हा किती फूट होतं?
ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत, लावत राहिले.
मग म्हणाले, चाळीसला वाजू दे.

एक चिन्ह वाढलं. ‘मोठं’च्या शेजारी ‘किंवा बरोबर’.
इतकंच.
आणि मी पुन्हा शून्यापासून.
कारण इथं बुजवलं की तिथं पाझरतं,
हे नदीकाठच्या पोरीला कोणी शिकवावं लागत नाही.
शून्य टाकलं.
पडद्यावर आलं: नदी सुरक्षित आहे.
शून्य कधी येतं? मापक वाहून गेल्यावर.

संध्याकाळी सगळे रकाने हिरवे झाले.
सुकुमारनं विचारलं, आता चूक नाही ना?
मी म्हटलं, मला सापडली नाही.
त्याला वाटलं दोन्हीचा अर्थ एकच.

घरी जाताना आयर्विन पुलावर गाडी थांबवली.
खाली पाणी तेरा-चौदावर, म्हशी निवांत.
खांबावर रंगवलेले आकडे वाचत वर गेले:
तीस, पस्तीस, मग गेल्या पुराचा गाळ,
वाळून खपली धरलेला,
आणि त्यातून डोकावणारं एक शून्य.
फोन काढून तिथंच टिपलं:
चाळीसमधला चार दिसत नाही.
गंभीर.
पुन्हा घडतो का, या रकान्यात काय लिहावं
याचा विचार करत उभी राहिले,
मागून एसटीवाल्यानं हॉर्न दिला.