डावीकडून दुसरा

गुजरात. तुमचं नव्हे,
आमचं, चिनाबकाठचं,
जिथे घरटी एक माणूस पंख्याच्या कारखान्यात.
मी मोटारीला तांब्याची तार गुंडाळतो
आणि गुरुवारी रात्री दर्ग्यात
तुफैलमामूंच्या मागे बसून टाळी देतो.
दुसरी रांग, डावीकडून दुसरा.
फोटोत माझा अर्धाच कान येतो.

मामूंना मुंबईहून बोलावणं आलं, सिनेमासाठी.
व्हिसा आला नाही.
मग ठरलं दुबई,
ना त्यांचं अंगण ना आमचं,
तिसऱ्याच कुणाची ओसरी.
सतवा नावाची वस्ती, खाली लाँड्री, वर स्टुडिओ,
इस्त्रीची वाफ जिन्यापर्यंत.
संगीतकार लॅपटॉपमध्ये होता.
पोरसवदा, नम्र. मामूंना आदाब केला
आणि आदाबच्या मधोमध नेट अडकलं.
त्याचा हात कपाळाशी तसाच राहिला.
मग मामूंनीही आपला खाली घेतला नाही.

यंत्रावर बिनॉय, केरळचा.
पहिला टेक झाल्यावर म्हणाला, काहीतरी खणकतंय.
चार माणसं, आठ हात.
एकेकाला टाळी द्यायला लावली
आणि माझ्यापाशी येऊन थांबला.
अंगठी.
लग्नातली, चांदीची, वर फिरोजा.
काढून पाण्याच्या ग्लासाजवळ ठेवली,
पुढचे अकरा टेक
उघड्या बोटाने दिले.
तीनशे दिरहम, बिर्याणी, परतीचं विमान.

मग सरहद्दीवर काहीतरी झालं.
टीव्हीवर माणसं टेबलं बडवू लागली,
तिकडची तिकडे, आमची आमच्याकडे,
लय एकच, पण ते असो.
निरोप आला: गाणं राहील, आवाज बदलेल.
मामूंनी तो दोनदा वाचून घेतला,
चष्मा पुसला, पेटीला गवसणी घातली.
म्हणाले, एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात,
आणि हे नेमकं
भांडणाबद्दलच का म्हणतात, कुणास ठाऊक.

वर्षभराने अल्लादित्ता न्हाव्याकडे,
अर्ध्या गालाला साबण,
बाकावरल्या पोराच्या मोबाइलवर ते गाणं लागलं.
गळा दुसराच. खोटं कशाला बोलू, चांगला होता.
फक्त मामू जिथे श्वास चोरतात
तिथे तो उघड घ्यायचा.
आणि खाली आम्ही.
टाळी कुणी बदलली नव्हती.
टाळीला तुझं गाव कोणतं, असं कोण विचारणार!
मी आपली एक, दोन, तीन आवर्तनं मोजत होतो,
आणि अंतरा उतरताना
खण्.

बिनॉय, लेका,
पहिलाच टेक ठेवलास.

अल्लादित्ता म्हणाला, हलू नकोस, कापेल.

घरी शमीम कणीक मळत होती.
यात तुझं नाव कुठे आहे?
नाव नाही. हे ऐक.
तिने पिठाचे हात वर धरले,
मी फोन तिच्या कानाशी.
खण्.
पुन्हा लाव.
खण्.
मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल,
की बघ, सगळं पुसलं तरी हे उरलं,
असं काही, जे मी वाटेत तिच्यासाठी जुळवत आलो होतो.

ती म्हणाली, सैल झालीय अंगठी.
तेव्हाही नीट जेवत नव्हतास.

आणि हात धुऊन, पांढरा दोरा घेऊन
दिव्याखाली बसली,
अंगठीच्या मागच्या बाजूला
वेढ्याला वेढा लावून
गुंडाळत राहिली.
आता खणकणार नाही, म्हणाली.

सतरा वेढे.
सवयीने मी मोजले.