अनुज्ञेय त्रुटी

डिस्चार्जचा कागद, गोळ्यांची पुरचुंडी आणि वर हा फॉर्म:
‘परिचर्येबाबत रुग्णाचे समाधान’.
दहा प्रश्न, प्रत्येकापुढे चार चौकोन.
‘खुणा करा आजोबा,’ सिस्टर तुस्कानो म्हणाली,
‘बारापर्यंत खाट रिकामी करायचीय,’
आणि खिशातलं पेन काढून दिलं.

एकतीस वर्षं मी वजनमापं तपासली.
मशीद बंदरचे काटे, भुलेश्वरच्या सराफांची तागडी,
रॉकेलची मापं, तळाला मेण थापलेली.
पारड्याखाली चिकटवलेली चिंच
बोटानं हुडकून काढायचो.
माझ्या शिक्क्याशिवाय काटा चालत नसे.
आणि आता हे.

प्रश्न पहिला: वागणूक सौजन्यपूर्ण होती का?
नव्हती.
तिसऱ्या रात्री सलाईनची सुई मी झोपेत उपटली
तेव्हा अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडली.
रागावली की वसईची बोली बाहेर पडते,
निम्मं मला कळलंच नाही.
मग स्टूल ओढून बसली शीर शोधत.
एकदा चुकली. दोनदा चुकली.
तिसऱ्यांदा टोचण्याआधी, वर न बघता:
‘पळपुट्या आहेत तुमच्या शिरा.’

प्रश्न दुसरा: खासगीपणा जपला का?
पडदा एक, खाटा अडतीस.
पडदा नसेल तेव्हा ती स्वतः उभी राहते आडवी,
माझ्याकडे पाठ करून,
माझं होईतो समोरच्या खाटेवरच्या पोराशी
क्रिकेटवर वाद घालत.
बहात्तराव्या वर्षी मी चारचौघांत उघडा पडलो नाही
तो त्या पाठीमुळे.
ह्याला कुठला चौकोन?

तिसरा सोडून दिला.

प्रश्न चौथा: बोलावल्यावर किती वेळात आली?
इथे अडलो.
कारण हे मला येतं. हे मोजता येतं.
भिंतीवरच्या घड्याळात बघितलं होतं मी,
दोन वाजून पाच. मग पावणेतीन.
चाळीस मिनिटं.
तोंडाला कोरड, टाके ओढत होते,
मनातल्या मनात मी तिच्यावर खटला भरला,
कलमही लावलं.
पावणेतीनला आली,
कोपरापर्यंत धुतलेले हात अजून ओले.
पेला माझ्या ओठाला लावला. बोलली नाही.
मीही नाही.
सकाळी अकरा नंबरची गादी घडी करून ठेवलेली,
खाली एक पिशवी, पिशवीत चष्मा आणि न सोललेलं मोसंबं.
मुलगा कसाऱ्याहून निघालाय, असं कुणीतरी म्हणालं.

काट्याला कायद्यानं थोडी चूक माफ असते.
अनुज्ञेय त्रुटी. पुस्तकात तक्ता आहे,
अमुक वजनामागे तमुक.
त्याच्या आत असेल तर शिक्का मारायचा, पुढे व्हायचं.
अडतीस खाटांमागे दोघी,
त्यातली एक रजेवर,
ह्याचा तक्ता कुणी छापलेला नाही.

खोटं लिहायची मला सवय नाही.
‘चाळीस मिनिटं’ लिहिलं, चौकोनांच्या बाहेर.
मग सूचनांच्या रकान्यात:
‘त्या वेळी ती अकरा नंबरपाशी होती.
तिथे काय केलं, ते तुमच्या फॉर्मात विचारलेलं नाही.
अडतिसांना दोन, हे माप खोटं आहे.
जप्त करावं.’
जागा संपली. सही समासात केली.

तिनं न वाचताच घडी घातली, गठ्ठ्यात खोचली,
आणि माझी चादर ओढून काढायला लागली.

टॅक्सी परळच्या पुलाखाली तुंबली तेव्हा कळलं,
पेन माझ्याच खिशात.
टोपणाला चिकटपट्टी, तिच्यावर बारीक अक्षरात
तिचं नाव, आणि खाली: परत करा.
‘पाच रुपयांचं पेन, बाबा,’ सून म्हणाली.
मी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.
वळवा, म्हटलं.
मीटर चालू राहू दे.