डाव्या बाजूची मॅट

मंठा चौफुलीच्या अलीकडं, टायरवाल्याला लागून
माझं वॉशिंग सेंटर.
मार्च लागला की पाटी उलटी टांगतो,
मागच्या बाजूला खडूनं लिहिलेलं असतं:
फक्त आतून.

टँकरच्या पाण्यानं बाहेरून कोण धुणार?
बाहेरची धूळ रस्त्याची,
चौफुली ओलांडली की परत बसते.
आतली मात्र ज्याची त्याची.

बारा वर्षांत एवढं कळलं,
गाडी आतून पुसणाऱ्याला
माणसाची चौकशी करावी लागत नाही.
सीटच्या रुळात गुटख्याची पुडी,
आणि मालक म्हणतो, सोडला कवाच.
बेल्टच्या खाचेत हिरव्या बांगडीचा तुकडा.
मागं, लेकराच्या उंचीवर, काचेला
नाक टेकल्याचा डाग.
तो मी शेवटी पुसतो.
नाणी डॅशबोर्डवर ठेवतो, बाकीचं डब्यात.
विचारत काही नाही.
व्हॅक्यूम चालू असला की
तसंही ऐकू येत नाही.

परवा सोनटक्के साहेबांची डिझायर आली.
बियाण्याच्या कंपनीत आहेत, चार जिल्हे फिरतात,
डिकीत सॅम्पलच्या पिशव्या, शर्टाला औषधाचा वास.
"वजीरभाई, आत घाण वास यायलाय.
काय मेलंय का बघा.
तीन तीन परफ्यूम लावले.
लिंबाचा झाला, मोगऱ्याचा झाला,
हा तिसरा समुद्राचा म्हणे."
जालन्यात समुद्राचा वास
खरा का खोटा, कोण सांगणार.

सीट मागं सरकवली.
डाव्या बाजूची मॅट उचलली.

मेलं काहीच नव्हतं.

गालिचा ओला. बोटानं दाबला तर पाणी वर आलं.
एसीची नळी तुंबलेली;
खाली रस्त्यावर ठिबकायचं ते पाणी
महिना-दीड महिना आतच मुरत होतं.
आणि फाटक्या पिशवीतनं सांडलेली बाजरी,
औषध लावलेली, गुलाबी,
उंदरानं तोंड न लावलेली,
उगवली होती.

चौदा कोंब.
पांढरे, दोऱ्यासारखे,
मॅटच्या वजनाखाली आडवे पडून
दाराच्या फटीकडं वळलेले.
बाहेर एप्रिल. समोरच्या लिंबाखाली
कुत्रं जीभ काढून पडलेलं.
एवढी ओल चौफुलीच्या चारी रस्त्यांना
दुसरीकडं कुठं नव्हती.

साहेब फोनवर कुणाला तरी सांगत होते,
उगवण एक नंबर आहे हो, मी स्वतः बघितलीय.
मी हाक मारली.
फोन कानालाच राहिला. वाकले.
चष्मा काढला, पुसला, परत लावला.
मग पेनाच्या टोकानं मोजू लागले,
कोंब किती, नुसतेच दाणे किती.
"सतरात चौदा," म्हणाले. "वाईट नाही."
जरा वेळ तसेच उकिडवे बसले,
पँटला ओल लागली तरी.
मग उठले. "काढून टाका."

काढले.
मुळं गालिच्याच्या धाग्यांत गुंतलेली,
ब्लेडनं सोडवावी लागली.
डाग काढायला शिकलेला हात
त्या कामाला जरा हळू चालला.
साहेबांनी पावतीच्या कागदात दोन-तीन गुंडाळले,
वरच्या खिशात ठेवले.
कुणाला दाखवणार, विचारलं नाही.

गालिचा उन्हात टाकला, सोडा मारला.
नळीत तार घातली, मग हवा.
फुर्रकन काळा चिखल पडला,
त्यामागनं पाणी. कुत्रं उठून आलं.
लिंबू, मोगरा, समुद्र, तिन्ही डब्यात.

मग एसी लावून अर्धा तास ट्रायल घेतली,
खाली तांब्या ठेवून.
अर्धा भरला. गार, नितळ.
फेकवंना.

फडकं बुडवलं आणि त्यांची पुढची काच पुसली,
बाहेरून.
पावतीत ती धरली नाही.