आठाला उठायचा

ग्रिम्सबीत आज गोदीकडची दुकानं अर्धीच उघडली.
मी शटर पूर्ण वर केलं, मग माझंच मला ओशाळं वाटलं,
काचेवर चिठ्ठी लावली: दोन ते चार बंद.
डेनिस ऑथवेटच्या औषधांची पिशवी
अजून खणात आहे, नाव लिहून, पिन मारून.
मंगळवारी न्यायला येणार होता.

चौदा वर्षं मी त्याला गोळ्या दिल्या.
त्याची एकही लढत मी पाहिलेली नाही.
पाहिलं ते एवढंच, की पिशवी घेताना
उजवा हात डाव्याला धरून ठेवायचा
आणि डावा ऐकायचा नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
त्याची झाकायचीच बंद झाली होती.
खोकल्याच्या गोळ्यांचे सुटे पैसे काउंटरवर सांडायचे,
मी ते मोजायला उगाच वेळ लावायचो,
तेवढ्यात तो श्वास घेऊन सरळ व्हायचा.

चर्चबाहेर ही गर्दी.
ट्रॉलरवर हाडं झिजवलेले म्हातारे,
कोटाला चौऱ्याहत्तर सालचा गंजका बिल्ला.
शीला टॅस्कर, जिनं तेव्हा दोन आठवड्यांचा पगार
लीड्सच्या तिकिटात घातला
आणि नवऱ्याला सांगितलं, दाताला गेला.
शवपेटी यायच्या आधीच दोघांची जुंपली.
"नवव्या फेरीत पाडला. मी तिथे होतो."
"तू बारमध्ये होतास, रॉय. दहावी."
एक पोरगा, तेव्हा जन्मलाही नसेल,
पाढे म्हणावेत तसं सांगत होता:
त्या वर्षात तो सातदा पडला,
सातही वेळा आठाला उठला.
आधी नाही, नंतर नाही. आठाला.
"अरे, पाचालाच शुद्धीवर यायचा," शीला म्हणाली,
"उरलेले आकडे पडून दम खायचा."
पुढे जे म्हणाली त्याचं मी मनात मराठी केलं:
हिशेबी होता मेला.
आणि त्या शेवटच्या शब्दाला अडखळलो.

माझे वडील मिरजेला कुस्त्यांचे फड चुकवत नसत.
तिथे पाठ लागली की लागली.
अंग झाड, हात मिळव, चालू लाग.
पडलेल्यासाठी कुणी दहापर्यंत थांबतं
हे मी इथे येऊन ऐकलं.
या देशातल्या पुष्कळ गोष्टी अंगवळणी पडल्या,
ही एक आवडली.

दफनभूमीत लीड्सहून आलेला व्हर्नॉन पिंडर.
त्याचाच पट्टा डेनिसनं काढून घेतला होता.
काठी नातीकडे दिली,
टॉवेलात गुंडाळलेली पितळी घंटा बाहेर काढली.
वाऱ्यात मासळीचा वास. कुणीतरी टोपी काढली,
मग सगळ्यांनीच.

एक.
दोन.
तीन, चार, मध्ये एक सीगल ओरडला.
पाच.
सहा.
साताला शीलानं माझी बाही धरली.

आठ.

खरं सांगतो, सगळी माणसं चवड्यांवर आली.
गुडघे बदललेली, छातीत यंत्र बसवलेली,
सगळी.
पिंडरचा हात हवेतच अडला.
पन्नास वर्षांपूर्वी, समोरच्या कोपऱ्यात उभा राहून
हाच माणूस मनात घोकत असणार, उठू नको, उठू नको.
आता त्याचे ओठ हलत होते.
काय म्हणत होता ऐकू आलं नाही,
पण ते 'नको' नव्हतं.
एका आकड्याला थांबतात
त्याच्या तिप्पट तो थांबला.
कुणी खाकरलंसुद्धा नाही.

नऊ.
दहा.

मग एकेक जण पुढे.
आमच्या भाषेत याला मूठमाती म्हणतात.
मीही घेतली, ओली, चिकट, गार.
मूठ झाकली.
उघडायला जरा वेळ लावला.

चारला दुकान उघडलं.
पहिला रॉय आला, खोकल्याच्या गोळ्या मागितल्या,
दारापर्यंत गेला, परत आला.
"दहावी असेल," म्हणाला, "कदाचित."
मी सुटे पैसे मोजून दिले.
त्याच्या नखांत माती होती.
माझ्याही.