द चप्पल

सकाळी मी त्यांच्याकडून पेन म्हणवून घेते.
ओठांसमोर बसचं तिकीट धरायचं,
म्हणायचं पेन, आणि तिकीट हललं पाहिजे.
आपला प काही हलवत नाही,
पाटावर बसल्यासारखा बसतो.
बावीस मुली, सहा मुलगे
कालची चुरगळलेली तिकिटं सरळ करून फुंकतात.
शिपाई लांडगेमामा दारातून बघतात;
त्यांना वाटतं, दिवा विझवायचा सराव चाललाय.

मग व.
आपल्या एका व मध्ये त्यांची दोन बिऱ्हाडं:
एक खालच्या ओठावर दात टेकून राहतं,
दुसरं ओठांचा चंबू करून.
अश्लेषा कुडले आरशात बघत म्हणाली,
मॅडम, पौडच्या स्टँडवर असं तोंड केलं
तर घरी निरोप जाईल.

दुपारी दांडेकर पुलापलीकडची मनपा शाळा,
इयत्ता चौथी, अश्लेषाचा सातवा सराव पाठ.
मी मागच्या बाकावर, गुडघे बाहेर,
मांडीवर निरीक्षण वही.
उद्दिष्टे, प्रस्तावना, साधने, फलकलेखन,
वर्गनियंत्रण. पंचवीसपैकी.

तिने तक्ता लावला: आंबा, बैल, छत्री.
धिस इज अ, दॅट इज अ,
बेचाळीस तोंडं पाढ्याच्या चालीत.
आणि यल्लप्पा धोत्रे उभा राहिला.
बाई, अ म्हणजे एक, कळलं.
पण मागच्या धड्यात द होतं. द म्हणजे काय?

टाचणात हा प्रश्न नव्हता.
माझ्याही टाचणात नव्हता, सव्वीस वर्षं.
मी सांगत आले: सूर्याला द, चंद्राला द,
नद्यांना द, पाठ करा.
ज्या भांड्याला आपल्या मांडणीवर खणच नाही
ते पाठ करून कुठे ठेवणार,
हे मला कुणी विचारलं नाही.

अश्लेषाने खडू खाली ठेवला.
घड्याळाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही.
यल्लप्पा, बाहेर जा. ब्रिंग अ चप्पल.

दाराबाहेर ढीग होता.
हाताला लागली ती घेऊन आला,
गुलाबी, अर्ध्या फुलाची.
शाब्बास. आता ब्रिंग द चप्पल.

तो उंबऱ्यावरच थांबला. कुठली?
वर्गही थांबला.
कालव्यावर कुणी धुणं आपटत होतं, तेवढंच.
मी पेनचं टोपण काढलं,
'सूचना संदिग्ध' लिहायला.

मग पहिल्या रांगेतल्या एका पोरीला दिसलं,
बाई अनवाणी आहेत.
मग दुसरीला. मग सगळ्यांनाच.
बाईंची रे! बाईंची! ती निळ्या दोऱ्याची!
ढिगाच्या कडेला एकच मोठा जोड,
अंगठा तुटलेला, निळ्या दोऱ्यानं शिवलेला,
घरीच; टाके सांगत होते.
यल्लप्पाने ती दोन्ही हातांवर आणली,
लग्नात पळवलेली नवरदेवाची
मानपान घेऊन परत करावी तशी.

द म्हणजे, अश्लेषा म्हणाली,
मी न सांगता तुम्हाला कळली, ती.

माझ्या पहिल्या पाठाला मी व्हेरी चुकीचं म्हणाले होते.
निरीक्षक हसले, म्हणून मुलं हसली.
त्या दिवशी माझ्या चपलेकडे कुणी बोट दाखवलं असतं
तर मी डी.एड. सोडलं असतं.
हिने स्वतःच दाखवलं.

साधने या रकान्यात मी लिहिलं: तक्ता.
खाली लिहिलं: चप्पल, एक.
मग 'एक' खोडलं.

परतताना स्वारगेटच्या बसमध्ये
ती माझ्या शेजारी बसली, पाय सीटखाली ओढून.
मॅडम, माझा व अजून चुकतो ना?
चुकतो, मी म्हणाले. प पण.
तिने नवं तिकीट तोंडासमोर धरलं.
पेन, हळूच. पेन.
तिकीट हललं.
खिडकी उघडी होती, सारसबागेकडून वारा येत होता,
त्यामुळे नक्की सांगता येत नाही.