पहिली चार मिनिटं

साइमीबाईंना मी आदल्या रात्रीच बजावलं होतं:
मी येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही,
हीटरची वायरसुद्धा काढून ठेवायची.
लोखंड गार हवं, हाडापर्यंत गार.

सोदांक्युला. पहाटेचे सहा, उणे एकतीस.
पहाट आपली म्हणायची;
उजेड अकराला येतो, आला तर.

साबणाचं पाणी बाटलीतच दगड झालेलं.
मग हातभर रबरी नळी, एक टोक कानात,
दुसरं एक्झॉस्टच्या सांध्यांवरून फिरवत मी,
आणि मागं साइमीबाई,
जुना लोकरी मोजा धुराड्याच्या तोंडावर दाबून.

चावी.
कोरोला खोकली, तिच्या वयाला शोभेल असं,
आणि लगेच टक् टक् टक्,
नखानं कुणी डबा वाजवावा तसं.
थंडी चहाडखोर आहे, एवढं तिचं बरं.
जुलैत जो श्वास कुणाला दिसत नाही
तो इंजिनच्या बगलेतून पांढरा, सुताएवढा, निघाला
आणि सरळ हीटरच्या जाळीत शिरला.

चार मिनिटांत लोखंड तापलं, फुगलं, भेग मिटली.
टकटक बंद. साळसूद.
"झाली की बरी," साइमीबाई म्हणाल्या.
हे असं बरं होणं बघून
दोन मेकॅनिक आधीच परत गेले होते.

इंजिन बंद करून पाठीवर सरपटत खाली गेलो.
काजळीच्या आत पत्रा सापडला:
कॉफीचा डबा कापून पाइपाला गुंडाळलेला,
वर दोन तारा, पीळ अगदी सारखे.
लाल रंग अजून कुठंकुठं. दहा हिवाळे तरी झाले असावेत.

"हा कुणाचा हात?"
त्या गुडघे धरून वाकल्या. टॉर्चच्या उजेडात बघितलं.
"कालेर्वोचा. पीळ उलटा आहे ना. डावखुरा होता."

मग बराच वेळ काही नाही.
मग, माझ्याशी नव्हे:
"खिडकी बोटभर उघडी ठेवूनच चालवायचा.
उणे चाळीस असलं तरी.
रोवानिएमीपर्यंत भांडत गेलेय मी त्या खिडकीवरून.
म्हणायचा, गुदमरतं.
मला वाटायचं, माझ्यामुळं."

मार्चमध्ये तो गेला.
त्यानंतर गाडीत बसल्यावर पहिल्यांदा तिनं काय केलं,
तर काच वर. घट्ट.
तेव्हापासून डोकं दुखतंय.
डॉक्टर म्हणाले, दुःख आहे, वेळ लागेल.

पाइप बदलायला दुपार झाली.
एक बोल्ट मोडला, दुसऱ्यानं हातच काळा केला.
काढलेला पत्रा बर्फावर टाकला;
अजून कोमट होता, थोडा आत रुतला.
साइमीबाईंनी बुटाच्या टोकानं तो उकरून काढला,
उलटा केला, सुलटा केला.

"सांगायला काय झालं होतं रे, मेल्या,"
असं म्हणाल्या, आणि थबकल्या.
मग मला विचारलं, पैसे किती.